रंगूबाईला दिवस गेले

पलूसच्या रंगूबाईला साठीला टेकता टेकता दिवस गेले, ही बातमी दसरा झाला आणि गावभर पसरली. बातमी खोटी होती हे वेगळं सांगायला नको. पण ती उठली कशी आणि तिच्यातून निघालं काय, ते सांगण्यासारखं आहे.

रंगूबाई मूळची उंब्रजची. पहिल्या प्लेगात गाव रानात राहायला गेलं, तेव्हा तिथंच खोपटापुढं तिचं लगीन लागलं. म्हणून कुणी वय विचारलं की ती म्हणायची, "पलेगातली नवरी मी. तुमीच धरा हिशेब." नवरा नानासो. तरुणपणी कुस्त्या केलेला गडी. आता कुस्ती गेली होती, मिशा आणि गुडघेदुखी राहिली होती. ओढ्याकाठी जमीन, थोडा ऊस, बाकी मिरची आणि भुईमूग.

रंगूबाईचा आवाज असा की ओढ्याच्या अलीकडून तिनं हाक मारली, तर पलीकडं दुसऱ्याच्या औताचे बैल थांबायचे. कुठल्या वाफ्याला आधी पाणी, शेजारच्या पोरीला कुठलं स्थळ, पाहुण्याला किती भाकरी, सगळ्यावर तिचं मत असे आणि ते न विचारता मिळे. खोटं बोलायची तिला हौस होती, पण हातखंडा नव्हता. एक खोटं बोलली की ते झाकायला दुसरं बोलायची, आणि दुसरं नेमकं पहिल्याच्या उलट निघायचं.

तिचा एकुलता लेक अर्जुना पलटणीत होता. लढाईत इटलीपर्यंत जाऊन धडधाकट परत आला. लढाई संपून वर्ष झालं तरी पलटण काही त्याला सोडत नव्हती. श्रावणात रजेवर आला, गणपतीच्या आधी पुन्हा अंबाल्याला गेला. आणि पितरपाट सुरू झाला तशी त्याच्या बायकोची, चंद्राची, तब्येत बदलली. चंद्रा तासगावकडची, अंगानं शेलाटी, बोलायला कमी. तव्यावर भाकरी टाकली की तोंडाला पदर लावून गोठ्यामागं पळायची. पहिल्याच उमाशाला रंगूबाईनं ओळखलं.

ओळखलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगायचं नसतं, नजर लागते. रंगूबाईनं तर नानासोलाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगणं आणि चावडीवर दवंडी देणं यात तिला फारसा फरक वाटत नसे.

तसं सगळं निभावलंही असतं. पण एकदा सकाळी विहिरीवरून घागर घेऊन येताना चंद्राला घेरी आली. घागर फुटली, पोर पायरीवर बसली ती पांढरीफटक. रंगूबाईनं सुनेच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, आणि मनाशी काहीतरी ठरवलं.

गावात तेव्हा नवी नर्सबाई आली होती. सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणारे धनपालशेठ मूळचे पलूसचे. त्यांनी आपल्या आईच्या नावानं जैन बस्तीच्या देवळाशेजारी दोन खोल्या बांधून दिल्या आणि सांगलीहून पद्मावती नावाची शिकलेली बाई आणून बसवली. पद्मावती ऐन विशीत विधवा झालेली. भावानं तिला घरात बसवून न ठेवता सुईणपणाच्या शिक्षणाला घातलं होतं. पांढरं पातळ, डोळ्यांवर चष्मा, बोलणं हळू. विहिरीवर जाऊन ती बायकांना सांगायची, "अडल्यावर बोलावू नका. दिवस राहिले असं वाटलं, की लगेच एकदा येऊन दाखवून जा."

बायका तोंडावर मान हलवत आणि पाठीमागं हसत. "सोयरीक जुळायच्या आदीच ही वरात काढाय सांगती," असं एकमेकीला म्हणत. तिच्याकडं गळवं येत, भाजलेले हात येत, पोरांचे कान येत. पोटुशी बाई मात्र फिरकत नसे. कारण त्या खोल्यांच्या समोरच सुलाबाईचं अंगण होतं. सुलाबाई तिथं मिरच्या वाळत घालून राखण करत बसे. मिरच्या वाळून कडकडीत झाल्या तरी सुलाबाई उठत नसे. त्या पायरीवर कोण चढलं, कशाला चढलं, उतरताना तोंड कसं होतं, हे दिवेलागणीच्या आत गावाला कळे.

म्हणून रंगूबाईनं युक्ती काढली. सुनेला न्यायचंच नाही. आपणच जायचं, सुनेचं दुखणं आपलं म्हणून सांगायचं, औषध घ्यायचं आणि यायचं. म्हातारीवर कोण संशय घेणार?

जेवणं उरकून गाव आडवं झालं तशी ती निघाली. सुलाबाई जागीच होती.

"कुटं वं काकी, एवढ्या उनाचं?"

"गुडगं दुखत्यात गं," असं म्हणून रंगूबाई पायऱ्या अशी टणाटण चढली, की गुडघ्यांनाच लाज वाटावी.

आत पद्मावती स्टोव्हवर कात्र्या-चिमटे उकळत होती. एक लाकडी बाक, एक टेबल, आणि तुळईला टांगलेला मोठा तागडीचा काटा. शेठनी आपल्या हळदीच्या वखारीतला जुना काटाच पाठवून दिला होता.

"बसा मावशी. काय होतंय?"

"मळमळतंय. सकाळच्या पारी तर लय. भाकरीचा वास आला की पोटातलं समदं वर येतंय. घेरी येती. आंबट खावं वाटतंय. कैरी पायजे म्हनती, पर आता कैरी कुटली? मग चिचंवर भागवती."

"कोण भागवती?"

"मी," रंगूबाई घाईनं म्हणाली. "मीच की."

पद्मावतीनं चष्म्यातून पाहिलं. समोर पांढरे केस, पुढचे दोन दात गेलेले, हातांच्या शिरा वर आलेल्या.

"वय किती तुमचं?"

"पलेगातली नवरी मी."

"विचारावं लागतं म्हणून विचारते हं मावशी. शेवटचं बाहेर कधी बसला होता?"

"नागपंचमीला," रंगूबाईनं ठोकून दिलं. "ऐन सणाला कावळा शिवला. झोका सुदिक खेळाय मिळाला न्हाई, रडली किती!"

"झोका?"

"हौस असती एकेकीला."

पद्मावतीनं ओठ दाताखाली धरला. "आणि मालक? मालक काय करतात?"

"पलटनीत हायती. आंबाल्याला."

"नानासो? ते तर मगाशी कोपऱ्यावर बैलाला नाल मारून घेत होते."

रंगूबाई बाकावर जरा सरकून बसली. मग म्हणाली, "आलं आसत्याल रजंवर."

पद्मावतीला आता हसू आवरेना, पण तिनं ते गिळलं. ही बाई कुणासाठी आली आहे ते तिला कळून चुकलं होतं. 'सुनेला घेऊन या' एवढं म्हटलं की ही उठेल, आणि पुन्हा या पायरीवर येणार नाही, हेही तिला दिसत होतं. म्हणून तिनं सगळं खरं धरून पुढं विचारलं. याआधी कधी दिवस राहून गेलेत का? हिवताप येतो का? कधी कावीळ, दमा? पायाला सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी? जेवण किती जातं? ओझं किती उचलता?

रंगूबाई पंचाईतीत पडली. सून घरात येऊन चार वर्षं झाली, पण तिला लहानपणी काय झालं होतं हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"हिवताप... आला आसंल. ईचारून सांगती."

"कुणाला विचारून?"

"मलाच."

"बरं. आणि तुमच्या आईला, बहिणीला, लेकीला, कुणाला बाळंतपणात काही त्रास झाला होता का?"

इतका वेळ खोट्यामागं खोटं जुळवणाऱ्या रंगूबाईला या एका प्रश्नाला खोटं सुचेना. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "लय ईचारता बाई तुमी. औषिद द्या."

"औषध पोट बघितल्याशिवाय देत नाही," पद्मावती म्हणाली. "आणि पोट ज्याचं, त्याचंच बघावं लागतं. तोवर एक करा. ही बाटली न्या, उद्या सकाळची पहिली लघवी यात घेऊन या."

रंगूबाईनं जगात पुष्कळ काही पाहिलं होतं, पण असली मागणी कुणी तिच्याकडं केली नव्हती. "त्ये काय करायचं हाय?"

"तापवून बघायचं असतं. आत काही दोष असेल तर आधी कळतो."

बाटली पदराखाली लपवून ती घरी गेली. चंद्राला हे सांगताना तिनं आवाज एवढा खाली आणला की चंद्राला आधी ऐकूच आलं नाही, आणि ऐकू आलं तेव्हा ती लाजून चुलीपाशी जाऊन बसली ती उठेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई बाटली घेऊन निघाली. पदर वाऱ्यानं उडाला आणि सुलाबाईनं नेमकं पाहिलं.

"काकी, बाटलीत काय वं?"

"त्याल हाय. करडीचं."

"आगं बया! माज्या घरात त्यालाचा टिपूस न्हाई. पळीभर द्या की, फोडनीपुरतं."

"ह्ये... ह्ये नगं. खवाट झालंय."

"मग नर्सबाईला कशाला?"

"गुडग्याला चोळाय!" म्हणत रंगूबाई आत पळाली.

पद्मावतीनं काचेच्या नळीत थोडंसं ओतून दिव्यावर धरलं. रंगूबाई श्वास रोखून बघत होती. नळीतलं उकळलं, पण गढूळ झालं नाही.

"स्वच्छ आहे," पद्मावती म्हणाली. "काळजीचं काही नाही. आता फक्त पोट आणा."

"बघू," म्हणून रंगूबाई निसटली.

पण सुलाबाईचं अंगण आणि नर्सबाईची खिडकी यांच्यात अंतर ते केवढं? आदल्या दिवशी तिच्या कानावर 'मळमळ' आलं होतं, 'चिंच' आलं होतं, 'नागपंचमी' आलं होतं. सुलाबाई तशी खोटं बोलणारी नव्हती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं. विहिरीवर विचारलं, गिरणीत विचारलं, "काय गं, रंगूकाकींना ह्या वयात चिच कशापायी लागत आसंल?" संध्याकाळपर्यंत प्रश्नाचं उत्तर झालं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तराला पाय फुटले.

नानासोच्या कानावर ते गेलं लिंबाखाली न्हाव्यापुढं बसला असताना. त्या साली त्यानं ओढ्याकाठच्या माळात नवा ऊस लावला होता. गावानं त्याला वेड्यात काढलं होतं, पण ऊस तरारून आला होता, आणि नानासो त्या उसाखेरीज दुसरं काही बोलत नसे. त्याचा जुना दोस्त हंबीरराव येऊन उकिडवा बसला.

"नाना, आईकलं ते खरं का रं?"

"खरं की! जाऊन बग डोळ्यानं."

"पर ह्या वयात?"

"वयाचा काय संबंध गड्या? जिमिनीत दम पायजे आन् बियानं अस्सल पायजे."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. पारावरचे दोघंतिघं सरकून जवळ आले.

"आन् अर्जुनाला कळवलंस का?"

"त्याला कशाला कळवायचं? त्येचा ह्यात काडीचा हात न्हाई. समदी माजी मेहनत हाय."

मग जे हशाचं वादळ उठलं, त्यात लिंबावरचे कावळे उडाले. नानासो अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. शेवटी हंबीररावनं डोळे पुसत त्याच्या कानात सांगितलं. नानासोचा उरलेला गाल साबणाशिवायच पांढरा झाला.

तो तसाच घरी आला. "आगं ए! मी ह्ये काय आईकतुया?"

रंगूबाई जोंधळे पाखडत होती. "काय आईकता?"

"तुला दिवस गेल्यात म्हनं!"

रंगूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. ती काही जुळवायच्या बेतात होती, पण दाराआड चंद्राला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती हसली, हसता हसता तिला उमासा आला, आणि सासऱ्यासमोरून ती गोठ्यामागं पळाली. नानासो तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग बायकोकडं बघितलं. मग सावकाश खाली बसला.

"म्हंजी... मी आजा व्हनार?"

"व्हय."

"आन् गाव मला बाप करून बसलंय!"

दोघंही हसली. नानासो तर मांडीवर थापा मारून हसला. मग म्हणाला, "आगं, मग उगड पोरीला घेऊन जायचं सोडून तू कशाला ही सोंगं केलीस?"

"लीलीचं ईसरलासा?" रंगूबाई म्हणाली, आणि घरातलं हसू थांबलं.

लीला ही त्यांची थोरली लेक, अर्जुनाच्या आधीची. रंगूबाईच्या माहेरीच, उंब्रजला, दिलेली. तिला दिवस गेले तेव्हा रंगूबाईनंच आनंदानं सगळीकडं सांगितलं होतं. पाचव्या महिन्यात ओटी भरली, गावच्या बायका आल्या, सगळ्यांनी लेकीचं रूप वाखाणलं. सातव्यात तिचं तोंड सुजलं, पाय सुजले. बायका म्हणाल्या, बाळसं धरलंय पोरीनं. मग डोकं ठणकायला लागलं, आणि एका दुपारी झटके आले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. देवर्षी आणला, अंगारा लावला. लेक गेली, पोटातलंही गेलं. तेव्हापासून रंगूबाईनं मनाशी धरलं होतं, आपल्या तोंडानं आपण लेकीला नजर लावली.

नानासो मिशीवरचा वाळलेला साबण नखानं काढत म्हणाला, "ह्या खेपंला नजर लागायची ती तुला लागली बग. समद्या गावाची. पोरीवर आता कशाला शिल्लक ऱ्हाईल?"

तो चेष्टेनं म्हणाला की खरंच, कोण जाणे. रंगूबाईनं मात्र ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रंगूबाईनं चंद्राला नवं लुगडं नेसवलं, तिच्या मनगटाला धरलं आणि मागच्या बोळानं न जाता भर बाजारातून निघाली. बांगड्यांच्या दुकानापुढून, मिरचीच्या ढिगांपुढून, लिंबाखालच्या मंडळींपुढून. आणि ओढ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सांगत चालली, "सुनंला नर्सबाईकडं न्हितीया! माज्या अर्जुनाच्या बायकूला दिस गेल्यात! तिला, मला न्हवं! बगून घ्या समदी!" चंद्राला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सुलाबाईच्या अंगणाशी मात्र रंगूबाई मुद्दाम थांबली.

"सुले, मिरच्या वाळल्या. आता उचल."

आत गेल्यावर पद्मावतीनं चंद्राला बाकावर बसवलं आणि नाव विचारलं.

"चंद्रा," रंगूबाई म्हणाली.

"जेवण जातं का?"

"अर्दी भाकरी," रंगूबाई म्हणाली.

"झोप लागते?"

"डुक्करावानी झोपती," रंगूबाई म्हणाली.

पद्मावतीनं चष्मा काढून पुसला. "मावशी, परवा तुम्ही आजारी होता तेव्हा तुम्ही बोललात. आज ही आहे. तुम्ही जरा बाहेर पायरीवर बसा."

सासूला बाहेर बसवणारी बाई पलूसमध्ये अजून जन्मायची होती. पण रंगूबाई बसली. दाराला पाठ लावून, कान आत ठेवून.

आत पद्मावतीनं तेच सगळं विचारलं, आणि हळूहळू चंद्रा बोलायला लागली. हिवताप दरसाल यायचा, लग्नानंतर नाही. दिवस पहिलेच. आईची सहा बाळंतपणं नीट झाली, सातव्याला फार रक्त गेलं होतं, पण वाचली. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसते. तोवर भाकरीबरोबरचं कोरड्यास संपलेलं असतं. आणि फार लाजत तिनं सांगितलं की तिला माती खावीशी वाटते. पावसानं पोपडा सुटलेल्या भिंतीचा तुकडा ती रोज खाते. गोठ्याची मागची भिंत एका जागी चांगली कोरली गेलीय.

"आगं आई गं!" बाहेरून आवाज आला. "आन् मी घुशीला इख घालतीया!"

चंद्रा दचकली, आणि मग दोघी हसल्या. पद्मावतीनं तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, नखं पाहिली. नाडी पाहिली. नडग्यांवर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहिलं. बाकावर निजवून पोट चाचपलं. "अजून हाताला काही लागायचं नाही," ती म्हणाली. "मुठीएवढंसुद्धा नाही. घाबरू नकोस, मी दाबत नाही." मग तुळईच्या काट्यावर पाट टांगून चंद्राला बसवलं आणि दुसरीकडं वजनं ठेवली. हळदीच्या पोत्यासारखं आपल्याला तोलतायत हे बघून चंद्राला पुन्हा हसू आलं आणि काटा हलायचा थांबेना.

मग तिनं रंगूबाईला आत बोलावलं.

"नागपंचमी धरली तर वैशाखी पुनवेच्या पुढंमागं बाळंत होईल. सगळं ठीक आहे, पण अंगात रक्त कमी आहे. माती त्यामुळंच खावीशी वाटते. या गोळ्या द्या. भाजीपाला, शेंगदाणे, गूळ, दूध. घागरी उचलायला लावू नका, एक कळशी पुरे. आणि ही गरम गरम जेवली पाहिजे, सगळ्यांच्या बरोबर."

"सासऱ्याच्या पंक्तीला?"

"पंक्तीला नको तर आधी."

"सासऱ्याच्या आदी!" रंगूबाईला हे बाटलीपेक्षाही अवघड वाटलं. पण तिनं एकदम विषय सोडला आणि दुसरंच विचारलं. आवाज इतका हळू, की पद्मावतीला पुढं वाकावं लागलं.

"बाई, परवा तुमी ईचारलंसा, लेकीला कुनाच्या तरास झालता का म्हनून."

आणि तिनं लीलाचं सगळं सांगितलं. सूज, डोकं, झटके. संपल्यावर पद्मावती म्हणाली, "मावशी, ही नजर नव्हती. हा एक आजार आहे. काहीजणींना होतो. आधी लघवीत दिसतो, मग सूज येते, मग झटके. लवकर कळला तर पुष्कळदा वाचवता येतं. पुष्कळदा, नेहमी नाही. आणि हो, तुमच्या लेकीला होता म्हणून सुनेला होईल असं नाही."

"म्हंजी मी सांगटल्यानं न्हाई?"

"तुम्ही सांगितल्यानं नाही."

रंगूबाई बाकावर बसली आणि रडली. तिचा आवाज मोठा, तसं रडणंही मोठं. बाहेर सुलाबाई मिरच्या सोडून पायरीशी आली आणि या खेपेला तिनं काही विचारलं नाही. आत जाऊन रंगूबाईला पाण्याचा तांब्या दिला. चंद्रानं सासूच्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून तिनं तिला असा आपणहून हात लावला नव्हता.

त्या दिवसापासून घरात चंद्रा आधी जेवायला लागली. पहिल्या दिवशी नानासो दारात उभा राहून विचारू लागला, "आज माजं काय?" तर उत्तर मिळालं, "थांबा वाईच. तुमाला काय दिस गेल्यात का?" गावानं केलेली ती थट्टा रंगूबाईनं अशी नवऱ्यावर परतवली, आणि तो गप्प ओसरीवर जाऊन बसला. गोठ्याची भिंत तिनं शेण-कावेनं सारवून घेतली.

दर महिन्याला ती सुनेला घेऊन जाई. बाटली आता पदराखाली नसे. दुधाची कासंडी न्यावी तशी हातात धरून नेई. माघात पद्मावतीनं लाकडी कर्णा चंद्राच्या पोटावर ठेवून रंगूबाईला कान लावायला सांगितलं. ती बाळाचे ठोके ऐकत राहिली. कुणी काही बोललं की हात वर करून गप्प करी. शेवटी पद्मावतीनं कर्णा काढून घेतला तेव्हा म्हणाली, "मोटंच्या चाकावानी वाजतंय बया. बिगी बिगी."

बाकीच्या बायकाही यायला लागल्या. गुपित ठेवून उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. गुपित ठेवलं तर काय होतं हे तर सगळ्या गावानं पाहिलंच होतं. एखादी सून लाजायला लागली की रंगूबाई तिच्या दारात उभी राही आणि म्हणे, "चल, मी येती संगट. काय करत न्हाई ती. चार गोष्टी ईचारती, डोळं बगती, हळदीवानी तोलती आन् सोडती." सुलाबाईची धाकटी सूनही तशीच गेली, आणि तिला सुलाबाईनंच नेलं. अंगणातल्या मिरच्या त्या दिवशी कोंबड्यांनी उधळल्या.

चंद्रा वैशाखात बाळंत झाली, पुनव होऊन गेल्यावर, उन्हं कोवळी असताना. वेळ लागला, पण अडलं नाही. पद्मावतीनं मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हा बायका रंगूबाईकडं बघत होत्या, ती काय म्हणते म्हणून. रंगूबाईनं आधी विचारलं, "चंद्री कशी हाय?" बरी आहे म्हटल्यावर मग नातीकडं पाहिलं, तिचं नाक आपल्यावर गेल्याचं जाहीर केलं, आणि नानासोला गूळ आणायला पिटाळलं. त्यानं सबंध ढेप खांद्यावर घेऊन गावभर वाटली.

अर्जुनाला रजा मिळाली ती आषाढात. भिलवडीच्या स्टेशनवर उतरून, चिखल तुडवत तो आला. पलटणीचे बूट, खांद्यावर पोतडी, तोंडभर हसू. ओसरीवर रंगूबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं आईच्या पाया पडून पोरीला उचलायला दोन्ही हात पुढं केले.

"थांब," रंगूबाई म्हणाली. "आदी हात धू. साबन लावून."

"आई, मी इटलीस्नं लढाई करून आलो तवा बी तू हात धू म्हनली न्हाईस."

"तवा तू माज्याकडं आलतास," रंगूबाई म्हणाली. "जा. साबन न्हाणीत हाय."

अर्जुना बूट काढून न्हाणीकडं गेला. आत चंद्रा कळशीनं त्याच्या हातांवर पाणी घालत होती. दोघांचं हसणं ओसरीपर्यंत येत होतं, आणि रंगूबाई मांडी हलवत मोठ्यानं ओरडत होती, "कोपरापतुर धुतलंस का रं?"